मानवी हक्क की मानवाधिकार?

प्रश्न असा आलाय की शाळेच्या पुस्तकात ‘मानवी हक्क’ असतं, टीव्हीवर ‘मानवाधिकार’ ऐकू येतं, मग आपला शब्द कुठला, आणि हक्क अरबी म्हणून टाळायचा का.

अजिबात टाळू नका. मानवाधिकार चूक नाहीये, पण तो हिंदीच्या वळणाचा आहे. दिल्लीतला तो ‘मानव अधिकार आयोग’, आपला तो ‘महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’, आणि राज्यघटनेच्या मराठी प्रतीतही मूलभूत ‘हक्क’च आहेत.

पण मला खरा फरक वेगळाच वाटतो. अधिकार हा शब्द शास्त्रातनं येताना पात्रता सोबत घेऊन येतो. यज्ञ कोणी करायचा, वेद कोणी शिकायचा, तर ज्याचा अधिकार असेल त्यानेच, आणि शूद्राला तो नाही हे सांगायला वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत अपशूद्राधिकरण म्हणून वेगळा भागच आहे. आजही आपण “महाराजांचा अधिकार मोठा” म्हणतो ना, तिथे योग्यताच अभिप्रेत असते. म्हणून तुकोबा जेव्हा “सकळांसी येथे आहे अधिकार” म्हणतात तेव्हा ते शास्त्राचाच शब्द उचलून त्याचं दार सताड उघडतात, केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण ते दार नामाचं होतं, पाणवठ्याचं नाही. मुंबई विधिमंडळाच्या 1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झालेले, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि त्यानंतर लोकांनी मार खाल्ला तो वेगळाच. तिथे पात्रता दाखवायची नव्हतीच, माणूस आहोत एवढं पुरे होतं. याला हक्क म्हणायचं.

अरबीत हक्क म्हणजे सत्य, अल-हक्क हे अल्लाहचं एक नाव. हुकूक-उल-इबाद म्हणजे माणसांचे एकमेकांवरचे हक्क, तिथे शिकवण अशी की ज्याचा हक्क मारला त्याने माफ करायला हवं, नुसती तौबा, म्हणजे देवापुढचा पश्चात्ताप, पुरत नाही. मराठीत मात्र हा शब्द वतनदारीत वाढला, देशमुख-पाटलांचे हक्क म्हणजे जन्माने मिळालेला वाटा, हेही सांगायलाच हवं.

शिवाय अधिकार म्हणजे सत्ता पण. पोलिसांना अटकेचा अधिकार असतो आणि अटक झालेल्याला वकिलाचा हक्क, हे उलटं करून बोलून बघा, लगेच खटकेल.

माहितीचा अधिकार आता रुळलाय, कायद्याचं नावच ते, तो राहू द्या. पण 2015 चा आपला कायदा लोकसेवा ‘हक्क’ आहे, दाखला अडला तर अर्जात तोच शब्द लिहा.