नॉटिंगहॅमला येऊ घातलेल्या एका टेनिसप्रेमी कुटुंबास

सप्रेम नमस्कार,

नोकरीनिमित्त पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलीसह नॉटिंगहॅमला यायचे ठरते आहे, तर घर, शाळा आणि एकटेपणा यांबद्दल काय सांगाल, आणि मुलगी कोल्हापुरात टेनिस शिकते आहे तर तिला इथे चांगले टेनिस पाहायला मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, आरोग्य अधिभार आणि कर यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेली आहे आणि ती वरचेवर बदलते, म्हणून त्यात मी शिरत नाही. सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण माझ्यापुरती बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही त्याच्यातच गुंतलेली आहेत.

चांगले टेनिस म्हणजे विम्बल्डन, असे तुमच्या मनात असणार. ते एकदा अवश्य पाहा. पण तुम्ही नॉटिंगहॅममध्ये राहणार आहात, आणि युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डच्या ट्राम थांब्याजवळच इथले टेनिस सेंटर आहे. तिथे जूनमध्ये हिरवळीवर चॅलेंजर स्पर्धा होते. चॅलेंजर म्हणजे एटीपी या पुरुष व्यावसायिक टेनिस संघटनेच्या मोठ्या स्पर्धांच्या खालची पायरी. तिच्यात ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ असे दर्जे आहेत, आणि तो आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. त्याच्याही खाली आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम १५ आणि एम २५ स्पर्धा असतात, ज्या इथे हिवाळ्यात छताखालच्या कोर्टांवर चालतात, बहुतेक ठिकाणी विनामूल्य पाहता येतात आणि जिथे चेंडू गोळा करून द्यायलाही अनेकदा कोणी नसते. मिळवलेला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो आणि पुन्हा कमवावा लागतो. क्रमवारीत दोनशे किंवा तीनशेच्या आसपास असलेल्या ब्रिटिश खेळाडूंचे आयुष्य या गुणांच्या मागे जाते, आणि मी अनेक वर्षे त्यांच्या मागे जाते आहे.

यांतली काही नावे तुमच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा. आइल ऑफ मॅनचा बिली हॅरिस युरोपभर खालच्या स्पर्धा खेळत फिरला तो वडिलांनी दिलेल्या व्हॅनमध्ये झोपून, आणि विम्बल्डनच्या मुख्य फेरीत तो पहिल्यांदा उतरला तो २०२४ साली, वयाच्या २९व्या वर्षी. त्याच मोसमात त्याने लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेची उपांत्यपूर्व आणि ईस्टबर्नच्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली होती. रायन पेनिस्टनला तान्हेपणी कर्करोग झाला होता, आणि त्याने २०२२ साली क्वीन्समध्ये नॉर्वेच्या नावाजलेल्या कॅस्पर रूडला हरवले. हल शहराचा पॉल जब हा आजीने वाढवलेला मुलगा. तो २०१९ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन विजेता झाला आणि २०२२ च्या विम्बल्डनमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाच्या निक किरिऑसला पाच सेटपर्यंत झुंजवले. स्टॉकपोर्टचा लियाम ब्रॉडी कित्येक वर्षे क्रमवारीतल्या पहिल्या शंभरांच्या उंबरठ्यावर अडून राहिला आणि २०२३ साली एकदाचा आत गेला. २०१६ साली जगात ७७२व्या क्रमांकावर असलेला मार्कस विलिस पात्रता फेरीतून वर येऊन सेंटर कोर्टवर फेडररसमोर उभा राहिला, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागची वर्षे मात्र फार थोड्यांनी पाहिली.

पैशाचा हिशेबही समजून घ्या, कारण तुमची मुलगी खेळते आहे. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. पहिल्या वर्षी ती पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर अशी होती. २५१व्याला काहीच नाही. याउलट २०२५ साली विम्बल्डनच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही ६६ हजार पौंड मिळाले. म्हणून लंडनमधल्या रोहॅम्प्टनला होणाऱ्या विम्बल्डनच्या पात्रता फेरीतील तिसरा, म्हणजे मुख्य स्पर्धेत नेणारा शेवटचा सामना हा माझ्या मते या देशातला सर्वांत जीवघेणा सामना असतो, कारण तो जिंकणाऱ्याचे अख्खे वर्ष निभावते आणि हरणारा पुढच्या आठवड्यात पुन्हा लहान स्पर्धेला जातो. मुलीला पहिल्या वर्षी विम्बल्डनऐवजी तिथेच न्या. तिकीट तुलनेने स्वस्त असते आणि खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात.

आता शाळेविषयी. इथे वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलाला जिथे जागा रिकामी असेल तिथे जावे लागते, हे तुम्हाला कोणीतरी सांगितले असेलच. आम्ही नोव्हेंबरमध्ये आलो. घराचा करार असल्याशिवाय शाळेचा अर्ज नाही, बँकेचे खाते असल्याशिवाय घराचा करार नाही आणि पत्त्याचा पुरावा असल्याशिवाय बँकेचे खाते नाही, या चक्रात आमचा नाताळ उलटला. मग मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. पुण्यात ती पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली होती. तरीही तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या गटात बसवले आणि तिच्यापुढे चित्रे दाखवून सफरचंद, मांजर असे शब्द वदवून घेतले. मी लेखी विचारणा केली. तेव्हा सर्व नवागत मुलांसाठी हीच पद्धत आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. मुलगी आता विद्यापीठात आहे आणि तो गट तिला धड आठवतही नाही, पण मला त्या शाळेतले पिवळे टेबल आजही दिसते आणि आजही राग येतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत असे झाले तर पहिल्याच आठवड्यात जुन्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाची आणि वह्यांची प्रत घेऊन स्वतः जाऊन बसा, पत्रावर विसंबू नका.

त्या हिवाळ्यात शाळेतून परतताना आम्ही दोघी टेनिस सेंटरपाशी उतरायचो, कारण आत ऊब होती आणि घरी जायची घाई कोणालाच नव्हती. छताखालच्या कोर्टांवर एक लहान स्पर्धा चालू होती आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, एक-दोन प्रशिक्षक आणि एक निवृत्त गृहस्थ. त्या गृहस्थांच्या मांडीवर ड्रॉचा, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्याचा, छापील कागद असायचा. प्रत्येक सामन्यानंतर ते शिसपेन्सिलीने पुढच्या रकान्यात जिंकलेल्याचे नाव लिहायचे, आणि हरलेल्याच्या नावावर रेघ न मारता त्याच्यापुढे बारीक अक्षरात तो पुढच्या आठवड्यात कुठे खेळणार ते लिहायचे, शेफिल्ड, ग्लासगो, तुर्कस्तान. त्यांनी माझ्या मुलीला तो कागद वाचायला शिकवले. त्यांच्याशी ती इंग्रजीतच बोलत होती, आणि तिला इंग्रजी येते का हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

एकटेपणाबद्दल मी थोडक्यात लिहिणार होते, पण तसे जमणार नाही. इथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहेत, दिवाळीचा फराळ आहे, आणि त्या दिवसांपुरते खरोखरच बरे वाटते. अडचण मंगळवारी दुपारी येते. हिवाळ्यात मंगळवारी दुपारी चार वाजता अंधारून येते, कामावरचे लोक आपुलकीने बोलतात आणि आपापल्या घरी जातात, आणि आपल्याला ओळखणारे, आपला मागचा इतिहास माहीत असलेले असे या शहरात कोणीच नाही, हे अंगावर येते. त्या वेळी मी चॅलेंजरचे थेट प्रक्षेपण लावते, जे एटीपीच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. माझे वडील पुण्यात तेच पाहत असतात. ते तरुणपणी डेक्कन जिमखान्यावर खेळायचे, आणि बालेवाडीला चॅलेंजर असते तेव्हा अजूनही रिक्षा करून जातात. आम्ही फोनवर बोलतो ते हॅरिसच्या दुसऱ्या सर्व्हिसबद्दल, जबच्या दुखापतीबद्दल, कोणाचे गुण कोणत्या आठवड्यात गळणार आहेत त्याबद्दल. तू परत कधी येणार, हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांत विचारलेले नाही, आणि तुम्ही एकटे कसे राहता, हे मीही विचारत नाही. हा विषय आम्ही दोघांनी मिळून टाळला आहे आणि टेनिसने आम्हाला तो टाळू दिला आहे. ते चांगले झाले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुमचे आईवडील मागे राहणार असतील तर निघण्यापूर्वी हे बोलणे एकदा समोरासमोर करून घ्या, कारण फोनवर ते होत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये नॉटिंगहॅमच्या चॅलेंजरच्या अंतिम सामन्यात दोन्ही खेळाडू ब्रिटिश होते, जेकब फर्नली आणि चार्ल्स ब्रूम. फर्नली तेव्हा क्रमवारीत पाचशेच्या पलीकडे होता. तो तीन सेटमध्ये जिंकला, काही आठवड्यांत विम्बल्डनला जोकोविचशी चार सेट खेळला आणि वर्ष संपेपर्यंत पहिल्या शंभरांत पोहोचला. त्याचा मला अतिशय आनंद आहे. पण माझे लक्ष ब्रूमकडे राहिले. पहिला सेट त्याने घेतला होता. दोघेही अमेरिकेतील महाविद्यालयांतून खेळून आलेले, दोघांच्यात त्या दिवशी थोडाच फरक. त्यानंतर एकाचे नाव वर्तमानपत्रात येऊ लागले आणि दुसरा पुन्हा लहान स्पर्धांच्या याद्यांमध्ये शोधावा लागू लागला. मी तो शोधते. परदेशात येऊन यशस्वी झालेल्यांच्या मुलाखती तुम्ही वाचल्याच असतील. आम्ही बाकीचे, ज्यांचे बरे चालले आहे पण ज्यांना दरवर्षी पुन्हा उभे राहावे लागते, संख्येने पुष्कळ आहोत आणि तुम्हाला येथे तेच भेटतील.

तेव्हा कंपनी ऐकत असेल तर सप्टेंबरऐवजी मेअखेरीस या. पत्ता लवकर हाती येईल, सप्टेंबरच्या जागेसाठी शाळेशी वेळेत बोलता येईल आणि नगरपालिकेच्या उद्यानांतली कोर्टे मुलीला उन्हाळाभर मिळतील. शिवाय जूनमध्ये हिरवळीवरचे चॅलेंजर सुरू असतात. त्यांतल्याच एका चॅलेंजरचा इल्कलीचा क्लब लीड्सहून छोट्या रेल्वेगाडीने गाठता येतो, तिथे कुंपणाला टेकून उभे राहून सामना पाहता येतो आणि खेळाडू स्वतःशी पुटपुटतो तेही ऐकू येते. पावसाचे जाकीट आणि डबा बरोबर ठेवा. नॉटिंगहॅमच्या आठवड्यात मी बाहेरच्या कोर्टांपाशी असते. पात्रता फेरीच्या दिवशी गर्दी कमी असते, तेव्हा मुलीला घेऊन या, ड्रॉचा कागद कसा वाचायचा ते मी तिला दाखवीन.