ब्रिटिश सी शँटीची खरी चाल कुठली? प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये ती वेगळी का असते? शिकायला सुरुवात कुठून करू?

शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावरचे खलाशी काम करताना म्हणायचे ते गाणं, आणि त्याला खरी चाल वगैरे काही नसतं. आणि हे जरा तावातावानेच लिहितोय, कारण याच मुद्द्यावरून इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, एका कॉयरशी माझं वाजलं आणि मी तो सोडला.

'हॉल अवे जो' बसवत होतो, सोलो माझ्याकडे. हे दोर ओढायचं गाणं, कोरसच्या शेवटच्या 'जो'वर सगळ्यांनी मिळून हिसका द्यायचा. मी एका कडव्यात सोलोची ओळ वरून उचलली, उतरताना कोमल निषादावर जरा रेंगाळलो आणि बरोब्बर ठेक्यात कोरसच्या हातात दिली. कोरस मस्त पडला, 'जो' दणक्यात आला. डायरेक्टर बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, पुस्तकात असं नाहीये, आहे तसंच म्हणायचं.

अहो, पण पुस्तकात आलं कुठून? लोकगीतं गोळा करणारा सेसिल शार्प 1914 मध्ये सॉमरसेटमधल्या वॉचेटला जॉन शॉर्ट नावाच्या पंचाहत्तरीच्या खलाशाकडे गेला, त्याच्याकडून पन्नासच्या वर शँटी उतरवून घेतल्या. म्हणजे एका म्हाताऱ्याने तेव्हा जशी गायली तशी ती कागदावर आली, दुसऱ्या बंदरात दुसऱ्या कुणाला गाठलं असतं तर वेगळी आली असती. स्टॅन ह्यूगिल तर स्वतः शिडाच्या जहाजावर शँटीमन, म्हणजे सोलोची ओळ गाणारा म्होरक्या, होता, त्याच्या 1961 च्या जाडजूड पुस्तकात एकेका गाण्याचे किती पाठ दिलेत बघा. 'हॉल अवे जो' मायनरमध्येही गातात आणि मेजरमध्येही, आता यातली खोटी कुठली ते सांगा.

कारण सरळ आहे. शँटीमन एकटा गायचा, त्यामुळे त्याची ओळ मोकळी, तो वर जाईल, मध्येच चिरका आवाज काढेल, शब्द तिथल्या तिथे जुळवेल, काम लांबलं तर कडवी वाढवेल. कोरस मात्र ठरलेला, कारण त्यावर सगळ्यांचे हात एकदम पडायला हवेत. शीड चढवताना थांबून थांबून ओढायचं आणि नांगर उचलताना कॅप्स्टनभोवती (दोर गुंडाळायचा उभा रहाट) सलग चालत राहायचं, तेच गाणं एका कामावरून दुसऱ्यावर गेलं की त्याची लयच बदलते.

शिकायचंच असेल तर 'ड्रंकन सेलर' पेटीवर काढा. काफी थाटाचे स्वर आहेत, ग-नि कोमल, शेवटची ओळ 'नि प म रे सा सा'. हे खेचत चालायचं गाणं, तेव्हा पाय आपटतच म्हणा. ते जमलं की सोलोच्या ओळी स्वतः फिरवा, नोटेशन नंतर. जेम्स मॅडिसन कार्पेंटर या अमेरिकन लोकगीत-संग्राहकाने 1920 च्या दशकाच्या शेवटी म्हाताऱ्या खलाशांचे आवाज मेणाच्या सिलिंडरवर घेतलेत, ते ऑनलाइन आहेत. खरखर खूप आहे पण आधी तेच ऐका, गुळगुळीत कॉयर नको. 2021 मध्ये व्हायरल झालेलं 'वेलरमन' छान आहे, पण काटेकोरपणे ती शँटी नाही, न्यूझीलंडच्या व्हेल-शिकाऱ्यांचं गाणं आहे ते.

हां, चार आवाजांची हार्मनी लिहिलेली असेल तर कोरसचे स्वर पक्के लागतात, हे मला मान्य आहे आणि तेव्हाही होतं. पण मी कोरसला हात लावलाच नव्हता, सोलो फिरवला होता, आणि तो फिरवणं हेच शँटीमनचं काम.