प्रश्न लहान ठेव, पोरी

रात्री पावणेबाराला टाकलेला तुझा मेसेज सकाळी पोहे खाताना वाचला, इतका लांब होता की तर्री थंड झाली. म्हणजे मामला असा की नागपुरातल्या तुमच्या मिहानच्या ऑफिसात दोन टीम एक होऊन राहिल्या, चोवीस लोक, अर्धे इथलेच जुने, अर्धे पुण्या-बंगलोरकडून परत आलेले, आणि मॅनेजरने तुला सांगून टाकलं की शनिवारी काहीतरी छोटासा आइसब्रेकर, म्हणजे ओळखीचा गेम, घे, वीस मिनिटांचा. मग तू नेटवरून अकरा गेम काढले आणि विचारतेस, सर यातला कोणता घेऊ. आणि सगळ्यात शेवटी, जसं काही सहज आठवलं, लोक हसले तर काय करू.

हसतील ना. दोन-चार जण तर ठरवूनच हसतील, ते सोड. मला धडकी तुझ्या यादीने भरली. "आयुष्यातला टर्निंग पॉइंट सांगा", "सगळ्यात मोठी भीती सांगा", "दोन खरं एक खोटं", "शेवटची ट्रिप कुठे केली". हे सगळं कोणाला विचारणार आहेस, ज्याची अन् तुझी ओळख होऊन पंधरा मिनिटं झाली त्याला? आपल्या शेजारी वीस वर्षं राहणारा माणूस आपल्याला त्याची भीती सांगत नाही. "दोन खरं एक खोटं" मध्ये तर पहिल्याच दिवशी आपण लोकांना सांगतो की छान खोटं बोलून दाखवा, आणि जो सफाईने बोलतो त्याला टाळ्या. सोमवारपासून त्याच माणसाबरोबर काम करायचंय.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात इतके वेळा म्हणणार आहे की तुला कंटाळा येईल. प्रश्न लहान ठेव.

लहान म्हणजे सोपा नाही, तिथेच सगळे घसरतात. मीही घसरलो. ही गोष्ट मी तुला इंटर्नशिपच्या वेळी सांगितली नाही कारण तेव्हा तू मला फार हुशार समजत होतीस आणि मला ते आवडत होतं.

२००८ चा एप्रिल, हिंगण्याच्या एमआयडीसीतला एक कारखाना, मी ट्रेनिंग ऑफिसर. स्टोअर, परचेस आणि क्वालिटी या तीन डिपार्टमेंटचं आपसात पटत नव्हतं, म्हणून मला सांगितलं की सगळ्यांना एकत्र बसवा. मी कॅन्टीनमध्ये खुर्च्या गोल मांडल्या, हातात माइक, आणि प्रश्न ठेवला: नाव, डिपार्टमेंट, शेवटची सुट्टी कुठे घालवली. मुंबईहून आलेल्या फाइलमध्ये तसाच लिहिलेला होता, मी काही मनाने काढला नव्हता. परचेसवाला म्हणाला मनाली. परचेसच्याच एक मॅडम म्हणाल्या केरळ. क्वालिटीचा एक इंजिनियर थोडं थांबून म्हणाला सिंगापूर. आणि त्याच्या बाजूला स्टोअरचा हेल्पर, ठेकेदाराचा माणूस, रोजंदारीवर. त्याने माइक असा धरला की जसा काही गरम आहे, आणि म्हणाला, "गोवा."

कोणीतरी विचारलं, गोव्यात कुठं रे?

"समुद्राजवळच."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माइक माझ्याकडे परत आलेला होता म्हणून माझं हसणं सगळ्यात मोठं ऐकू आलं.

त्या दिवसापासून त्याचं नाव गोवा. ए गोवा, बेअरिंगचं खोकं आण. गोवा आला नाही का आज. गेटवरच्या वॉचमनच्या वहीतसुद्धा गोवा. मी तिथे पुढे अकरा वर्षं होतो, अकराही वर्षं त्याला गोवाच म्हटलं, आणि स्वतःला सांगत राहिलो की प्रेमाने म्हणतो.

आता विचार कर, रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टी म्हणजे काय? त्या दिवसाचा पैसा कापला जाणं. मी त्याला वीस-पंचवीस माणसांसमोर विचारलं की तुझा पैसा कापला गेला तेव्हा तू मजा कुठे केलीस. मला प्रश्न साधा वाटत होता कारण माझ्याजवळ उत्तर होतं. ज्याच्या खिशात उत्तर आहे त्याला सगळेच प्रश्न साधे वाटतात.

म्हणून म्हणतो, प्रश्न लहान ठेव, आणि लहान आहे की नाही ते तपासायचं तर तुझ्या ऑफिसातला सगळ्यात कमी पगाराचा माणूस आठव आणि सगळ्यात नवीन माणूस आठव. त्या दोघांना खोटं न बोलता, लाज न वाटता, दहा सेकंदांत उत्तर देता येतं का? येत असेल तर प्रश्न ठेव, नाही तर फेकून दे, कितीही मजेदार असू दे. आणि हो, चोवीसात हाऊसकीपिंगच्या ताई आणि चहा आणणारे दादा धरलेत का तू? तुझ्या मेसेजवरून वाटत नाही. धर.

तू म्हणशील मग "गाव कोणतं" विचारते, किती साधं. नाही. आपल्याकडे गाव विचारलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, आणि त्याच्या पुढचा कोणी तोंडाने विचारत नाही, मनातल्या मनात विचारतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या पोरीला हे मी समजावून सांगायला नको. कॉलेज कोणतं, तेही नको. आवडतं जेवण? सावजी मटणावर गप्पा मस्त होतात, पण श्रावणात विचारून बघ एकदा, कोण कोणाकडे कसं पाहतं ते. माझा लाडका प्रश्न होता, घरचा कूलर काढला का आणि काढल्यावर काय बिघडलेलं निघालं. एप्रिलात नागपुरात यावर कोणीही बोलू शकतो, पंप जाम, वाळ्याच्या ताट्या सडलेल्या, टाकीत पालीचं पिल्लू. वर्षानुवर्षं चालला हा प्रश्न. पण तुमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणेल "आमच्याकडे एसी आहे" आणि तिथेच पुन्हा सिंगापूर झालं.

तर तुझ्यासाठी मी हा काढलाय: ऑफिसला येताना कोणत्या चौकात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तिथे थांबून तुम्ही काय पाहता?

हसू नको. बाइकवाला, बसवाला, कंपनीच्या कॅबमध्ये झोपणारा, सगळे कुठे ना कुठे अडकतात. मेट्रोने येणारा स्टेशनपर्यंतचा चौक सांगेल. कोणी व्हरायटी चौकातल्या फुगेवाल्याचं सांगेल, कोणी म्हणेल मी समोरच्याच्या नंबरप्लेटची बेरीज करतो. आणि जो पुण्याहून आला तो म्हणेल, हे काय ट्रॅफिक आहे का, झालं, इथले सगळे त्याच्यावर तुटून पडतील आणि तुझं काम झालं! भांडण व्हायला पाहिजे पण चौकावर, माणसावर नाही.

हे का चालतं ते मला मारबतीच्या गर्दीत कळलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं अर्धं शहर रस्त्यावर असतं, काळ्या अन् पिवळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात, बडग्यांचे पुतळे निघतात, जो तो ओरडत असतो की इडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि बाजूला उभा असलेल्या ज्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही त्याच्याशी आपण महागाईवर, पाण्यावर, नेत्यांवर मोकळं बोलून मोकळे होतो. का, तर दोघंही तिसऱ्याच गोष्टीकडे पाहून राहिलेले असतात. पोह्याच्या ठेल्यावर तेच. एकमेकांकडे रोखून बघायला लावलं की माणूस आक्रसतो. तुझा प्रश्न म्हणजे ती तिसरी गोष्ट, आणि तिसरी गोष्ट लहानच पाहिजे, हातात धरता येईल अशी.

आता गोल. गोल करून एकेकाला बोलायला लावू नको, ही माझी दुसरी चूक होती. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर नावाच्या संशोधकाने तपासून दाखवलं की असं पाळीपाळीने बोलायचं असलं की आपला नंबर यायच्या जरा आधी जे बोललं जातं तेच माणसाला सगळ्यात कमी आठवतं, कारण त्याचं डोकं आपलं वाक्य जुळवण्यात असतं. म्हणजे चोवीस जण चोवीस नावं सांगतात आणि शेजारच्याचंच नाव हुकतं. यासाठी संशोधन कशाला लागतं, कोणत्याही लग्नाच्या बैठकीत बसून बघ, असं मी आधी म्हणायचो. पण माझ्या कॅन्टीनमध्ये सगळं डोळ्यासमोर घडूनही मला कळलं नव्हतं, तर लागतं बहुतेक.

दोन रांगा लाव, समोरासमोर, बारा-बारा खुर्च्या. समोरच्याला नाव सांगायचं, चौक सांगायचा, दोन मिनिटं. स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजव, एक रांग एक-एक खुर्ची सरकेल, टोकाचा फिरून पहिल्या खुर्चीवर. सहा वेळा. बारा मिनिटं बोलणं, तीन-चार मिनिटं खुर्च्यांचा गोंधळ, तो होऊ दे, खरी ओळख त्या गोंधळातच होते. आकडा विषम झाला तर तू बस. मॅनेजरला रांगेत बसव, बाजूला उभं राहून फोटो काढू देऊ नको. शेवटी "आता सांगा काय शिकलात" अजिबात नाही. बक्षीस नाही. माइक तर नाहीच नाही. आणि कोणी म्हटलं की मला नाही सांगायचं, तर त्याला म्हण की मग तुम्ही फक्त ऐका, आणि पुढे चल, चेहरा पाडायचा नाही.

सुरुवात तू कर. तुझं उत्तर अगदी साधं दे, भारी उत्तर दिलंस तर पुढचे सगळे भारी उत्तर शोधत बसतील.

तुझी एक शंका मला आधीच ऐकू येऊन राहिली, की सर, एवढ्याशा प्रश्नाने माणसं जवळ येतात का? आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना छत्तीस प्रश्न दिले होते, लोक त्याला आता प्रेमात पाडायचा फॉर्म्युला म्हणतात. पण नीट बघ, ते जोडीत होते, गोलात नाही, आणि पहिला प्रश्न काय तर जगातल्या कोणालाही जेवायला बोलावता आलं तर कोणाला बोलवाल. खोलाचे प्रश्न हळूहळू येतात, पाऊण तासात. तुझ्याजवळ वीस मिनिटं आहेत आणि लोकांना प्रेमात पाडायचं नाहीये, सोमवारी एकमेकांना नावाने हाक मारता यावी एवढंच पाहिजे. तेवढ्याला चौक पुरतो. प्रश्न लहान ठेव.

यावरून मी एकदा भांडलोयसुद्धा. गोव्यानंतर चार-पाच वर्षांनी हेड ऑफिसचे एक साहेब आले, त्यांना "आपली भीती शेअर करा" हा गेम पाहिजेच होता, लाइट मंद करून. मी सरळ म्हटलं, मी घेणार नाही, तुम्ही घ्या. त्यांनी घेतला, आणि माझ्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये लिहिलं की टीम स्पिरिट कमी. प्रमोशन दोन वर्षं लटकलं, घरी बोलणी खाल्ली. आजही मी तेच म्हणीन. हे बढाई मारायला सांगत नाही, बरं, थोडी बढाई आहे, पण कोणीतरी मला विचारायला पाहिजे होतं की हा शहाणपणा २००८ मध्ये कुठे होता. कोणी विचारलं नाही. म्हणून मीच तुला सांगून राहिलो.

मागच्या दिवाळीत सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर एस्केलेटरच्या खाली एकाने मला नमस्कार केला. केस पांढरे, हातात नातवाची शाळेची बॅग. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "साहेब, ओळखलं नाही का मले? मी गोवा."

त्याने स्वतःहून सांगितलं, हसत. मीही हसलो, पुन्हा. त्याच्या नातवाला विचारलं कितवीत आहेस, तब्येत विचारली, नंबर घेतला. नाव विचारता आलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की मला ते कधी माहीतच नव्हतं. नंबर गोवा म्हणूनच सेव्ह आहे. आज तुला हे लिहिताना दोनदा काढून पाहिला.

तू आता ती अकरा गेमची यादी डिलीट कर आणि झोप. शनिवारी ग्लास-चमचा घरून घेऊन जा, ऑफिसात कागदी कप असतात. संध्याकाळी फोन कर मला, गेम कसा झाला ते नको सांगू, मला फक्त हे सांग की चोवीसमधली किती नावं तुला न बघता येतात. चहावाल्या दादांच्या नावापासून सुरू कर.