फौजेतली सिस्टर, फौजेतली अधिकारी

लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेल्या एक लेफ्टनंट कर्नल या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : मॅडम, माझी धाकटी बारावी सायन्सला आहे. मिलिटरीत नर्स होणार म्हणून हटून बसलीय. घरात रोज वाद. तिचे काका म्हणतात, नर्स ती नर्सच, मिलिटरीत गेली म्हणून काय झालं? ह्यांना तिच्या लग्नाची काळजी. मला एवढंच विचारायचंय, की ती खरंच अधिकारी होते का, आणि त्यासाठी काय करावं लागतं? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी काकांच्या शंकेचं सांगते. शिक्षण पुरं करून मुलगी कमिशन घेते, म्हणजे अधिकारी म्हणून तिची नेमणूक होते, त्या दिवशी ती लेफ्टनंट असते. खांद्यावर दोन तारे. पुढे कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर आणि सगळ्यात वर मेजर जनरल. १ ऑक्टोबर १९२६ रोजी ही सेवा आपल्याकडे कायमस्वरूपी उभी राहिली आणि १९४३ च्या अध्यादेशाने तिच्यातल्या परिचारिकांना कमिशन्ड अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यावर पोचलेली ही पहिली स्त्री. ती डॉक्टर नव्हती, परिचारिका होती. हे काकांना मुद्दाम सांगा.

आता वाट कशी आहे ते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, एकूण किमान ५० टक्के गुण हवेत, आणि नीट द्यावी लागते. पुष्कळ मुली इथेच चुकतात. नीट दिली की आपोआप नाव लागेल असं त्यांना वाटतं. तसं नसतं. सैन्यभरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि त्याची मुदत गेली की वर्ष गेलं. नीटच्या गुणांवरून निवड झालेल्यांना मग दिल्लीला बोलावतात. तिथे बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं नौदल रुग्णालय अश्विनी, शिवाय दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू अशी सहा कॉलेजं मिळून २२० जागा. म्हणजे चुरस जबर. शिकताना राहणं-जेवण सरकारचं, वर स्टायपेंड. त्याच्या बदल्यात बॉण्ड असतो, मधेच सोडलं तर पैसे भरावे लागतात. सही करण्याआधी तो कागद तुम्ही दोघांनी मुलीबरोबर बसून अथपासून इतिपर्यंत वाचा.

पगार चांगला आहे. पण एक गोष्ट आतल्या माणसाने सांगायलाच हवी : सातव्या वेतन आयोगात इतर अधिकाऱ्यांना लष्करी सेवा वेतन महिना १५,५०० रुपये धरलं, परिचर्या सेवेच्या अधिकाऱ्यांना १०,८००. मला हा फरक पटलेला नाही, आजही पटत नाही. मुलीला हे आधीच माहीत असू दे.

लग्नाचं. शिकत असेपर्यंत लग्न करता येत नाही, नंतर करता येतं. तुमच्या यजमानांची धास्ती अगदीच बिनबुडाची नाही, कारण एके काळी लग्न केलं म्हणून या सेवेतून काढून टाकत. १९७७ च्या एका लष्करी सूचनेत तसं लिहिलेलंच होतं. ती १९९५ मध्ये मागे घेतली गेली. १९८८ मध्ये लग्नापायी नोकरी गेलेल्या लेफ्टनंट सेलिना जॉन मात्र लढत राहिल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड मनमानी ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. इतकी वर्षं एक बाई हक्कासाठी उभी राहिली, त्याचं फळ तुमच्या मुलीच्या पदरात पडणार आहे. आज आमच्या सेवेत लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या अधिकारी भरपूर आहेत. बदल्या मात्र होत राहणार. मुंबईच्या नौदल रुग्णालयातून थेट लेहला जायची तयारी हवी, आणि होणाऱ्या जावयालाही हे आधी सांगायला हवं.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम करते. आता सैन्यात जायला उशीर झाला का? – स्टाफ नर्स, नाशिक

उत्तर : नाही झाला. शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीची वाट तुमच्यासारख्यांसाठीच आहे. अलीकडच्या जाहिरातींत वयाची अट २१ ते ३५ अशी होती. संगणकावर परीक्षा असते, तिच्यात नर्सिंगवर भर, जोडीला इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्ता. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, ते आजच बघा. नूतनीकरण राहिलं म्हणून ऐन वेळी धावाधाव करणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

मुलाखतीत देशसेवेवर भाषण नको. ते सगळ्याच करतात. आयसीयूतला एक पेशंट सांगा : त्याच्यात काय बदल दिसला, तुम्ही काय केलंत, डॉक्टरांना काय म्हणालात. समोर बसलेल्यांना तेच ऐकायचं असतं.

प्रश्न : मॅडम, मला कमिशन मिळून वर्ष होत आलं. सर्जिकल वॉर्डला आहे. वॉर्डातले हवालदार नर्सिंग असिस्टंट, त्यांची नोकरीच जवळजवळ माझ्या वयाएवढी. काही सांगितलं की 'जी मॅडम' म्हणतात आणि आपल्या पद्धतीनेच करतात. सर्जनसमोर माझी जीभ रेटत नाही. नर्सिंग मला येतं, पण ऑफिसर झाल्यासारखं वाटत नाही. हे जमतं तरी कधी? – लेफ्टनंट, उत्तरेकडचं एक मिलिटरी हॉस्पिटल

उत्तर : तुला एकेरीच लिहिते. माझ्या वॉर्डात असतीस तरी तशीच बोलले असते.

हवालदारांपासून सुरुवात करू. ते तुझा अपमान करत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी एक नवी लेफ्टनंट त्यांच्या वॉर्डात येते, शिकते आणि बदलून जाते. ते वाट बघतायत, की ही मुलगी वेळ आली की उभी राहील की नाही. आणि ती वेळ बहुतेक रात्रीच येते.

मी नाइट सुपरिंटेंडेंट असतानाची एक रात्र सांगते. गाडीच्या अपघातात पोटाला मार लागलेला एक जवान, दुपारी प्लीहा (स्प्लीन) काढलेली. ड्यूटीवर तुझ्याच वयाची लेफ्टनंट. नऊ वाजता नाडी ८८, दहाला १०४, अकराला ११८. बीपी ११६-७८, म्हणजे चार्टवर नुसती नजर टाकणाऱ्याला सगळं ठीक दिसेल. ड्रेसिंग कोरडं. पण पोरगा सारखं पाणी मागत होता, चादरीची किनार बोटांनी ओढत होता. हवालदार तिला हळूच म्हणाला, "मॅडम, यह लड़का ठीक नहीं लग रहा." तिने ते झटकलं नाही. युरिन बॅग उचलून बघितली : दोन तासांत जेमतेम वीस मिली.

तरुण, धडधाकट माणसाचं शरीर रक्त जात असतानाही बराच वेळ बीपी धरून ठेवतं. नाडी आधी पळते, लघवी आधी कमी होते, बीपी पडतं ते शेवटी. ते पडायची वाट बघत बसलं तर हातात फार वेळ उरत नाही. पुस्तकात हे तूही वाचलंयस. प्रश्न असतो तो रात्री अकरा वाजता फोन उचलण्याचा.

तिने उचलला. मी दारात उभी होते, तिचे शब्द माझ्या कानांवर आहेत : "सर, स्प्लीनचा पेशंट. दोन तासांत नाडी ८८ वरून ११८, बीपी ११६-७८, युरिन वीस मिली, बेचैन आहे. आत रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. आपण आत्ता येऊन बघावं. मी क्रॉसमॅचला सॅम्पल पाठवते आणि थिएटरला कळवते." (क्रॉसमॅच म्हणजे पेशंटला चालेल असं रक्त जुळवून बघणं.) सर्जन आले, पोट पुन्हा उघडलं. आतला एक टाका सुटला होता. जवान वाचला.

त्या फोनमध्ये 'सर, काय करू?' नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कोण, काय बदललं, मला काय वाटतं, मला काय हवंय, आणि तोवर मी काय करतेय, एवढंच होतं. सर्जनसमोर जीभ रेटत नाही म्हणतेस ना? फोनआधी हे कागदावर चार ओळींत लिही आणि सरळ वाचून दाखव. वाचून दाखवण्यात कमीपणा काही नाही. समोरचा झोपेतून उठलेला असतो, त्यालाही तेच सोपं जातं.

सकाळी हँडिंग-टेकिंगच्या, म्हणजे ड्यूटी सोपवण्याच्या वेळी तिने आणखी एक केलं, आणि मला ते फोनइतकंच महत्त्वाचं वाटतं. मॅट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), सुभेदार साहेब, सगळा स्टाफ उभा असताना ती म्हणाली, "पेशंट बिघडतोय हे आधी हवालदारांनी ओळखलं." पुढे त्या वॉर्डात 'जी मॅडम' या शब्दांचा सूरच बदलला.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा : हवालदारांना रोज राउंडला बेडपाशी विचार, "या पेशंटचं तुम्हाला काय वाटतं?" खरंच ऐक. ड्रेसिंगची, बेड लावण्याची त्यांची पद्धत चांगली असेल तर ती उचल, आणि 'तुमची पद्धत घेतली' असं सांगून उचल. पण औषध, डोस, निर्जंतुकीकरण, डॉक्टरांना कधी बोलवायचं हे निर्णय तुझे. तिथे त्यांनी आपलं घोडं पुढे दामटलं तर वॉर्डात चारचौघांत नाही, ड्यूटी रूममध्ये बोलवून, आवाज न चढवता, एकदाच स्पष्ट सांग. मत विचारणारी अधिकारी आणि निर्णय दुसऱ्यावर सोडणारी अधिकारी यांतला फरक या लोकांना तुझ्या-माझ्याआधी कळतो.

आणखी एक काम आहे, ज्याबद्दल कॉलेजात फारसं कुणी बोलत नाही. पेशंट डीआय लिस्टवर गेला, म्हणजे प्रकृती चिंताजनक ठरली, की घरी कळवलं जातं. मग दोन दिवसांचा प्रवास करून आई येते किंवा बायको येते, आणि वॉर्डाच्या दारात तिला पहिली भेटतेस तू. तिला व्हरांड्यात उभ्या-उभ्या सांगू नकोस. खुर्ची दे, पाणी दे, मग नळ्या-मशीन कसलं-कसलं आहे ते आधी समजावून सांग आणि त्यानंतरच आत ने. ती हादरून खाली बसली तर तू बाजूला असायला हवीस. हे काम शिपायावर ढकलणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही.

एकदम पाच-सात जखमी आले तर? तेव्हा मोठ्याने ओरडणारा नेहमी पहिला नसतो. जो गप्प पडलाय, पांढरा पडलाय, त्याच्याकडे आधी बघ. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे निदान कळतं तरी. आणि त्या दिवसाची तयारी आजच्या निवांत दुपारी होते : भरलेले ऑक्सिजन सिलिंडर किती, सक्शन चालतंय का, रात्री रक्त द्यायला कुठल्या युनिटचे जवान येऊ शकतील, हे तुला वही न उघडता सांगता आलं पाहिजे. हवालदारांना घेऊन ही फेरी मार. बरोबर काम केल्याने जे होतं, ते हुद्दा दाखवून होत नाही.

पुढचं थोडक्यात. कॅप्टन, मेजर होताना वॉर्डावरून विभागावर जाशील, मग मॅट्रनच्या खुर्चीत. तिथे पेशंटला हात कमी लागतो आणि कागद जास्त येतात, पण त्या कागदांतही माणसंच असतात. नवी मॅट्रन कशी आहे हे मला तिच्या ड्यूटी रोस्टरवरून कळायचं. सणाच्या रात्री दरवेळी त्याच त्याच धाकट्या मुली ड्यूटीला असतील, तर तिने बाकी काहीही केलं तरी तिचा वॉर्ड तिच्या मागे उभा राहत नाही. दुसऱ्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहायची वेळ येईल तेव्हाही वर्षभर वहीत टिपलेलं बघून लिही, शेवटच्या आठवड्यात काय आठवतं त्यावर नको.

तू विचारतेस, जमतं कधी? एका दिवसात जमलं असं कुणाचंच झालेलं मी पाहिलं नाही. त्या रात्रीची ती लेफ्टनंटही फोन ठेवल्यावर थरथरत होती. ते मी पाहिलं, आणि तिच्या हातात क्रॉसमॅचची बाटली आधीच होती तेही पाहिलं.

तू सर्जिकल वॉर्डात रमलेली दिसतेस, म्हणून एक सुचवते. आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटरचा विशेष कोर्स सेवेत राहून करता येतो. त्यासाठी किती नोकरी व्हावी लागते आणि नाव कधी पाठवतात, हे तुझ्या मॅट्रनला याच आठवड्यात विचार. ऑफिसात जाऊन बसून विचार, वॉर्डाच्या राउंडमध्ये घाईत नको.