चेटकिणीची बोटे आणि उकडीची भुते

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीचा आठवा वाढदिवस ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. आमच्या इमारतीतल्या मुलांच्या कानावर ‘हॅलोविन’ हा शब्द पडला आहे, त्यामुळे यंदा तिला ‘भुताची पार्टी’च हवी आहे. दहा-बारा मुले येतील. केक होईलच, पण बाकीचे पदार्थ तिखटामिठाचे असावेत आणि ते मुलांनी स्वतः करावेत, अशी माझी इच्छा आहे. सासूबाईंना मात्र वाढदिवसाला घरात भुताखेतांचे नाव काढणेही अभद्र वाटते. त्यांचे मन न दुखावता काय करता येईल?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी सासूबाईंविषयी लिहिते, कारण त्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो आणि त्यावर उपायही आहे. त्यांच्या पिढीने तिकटीवर ठेवलेले उतारे पाहिलेले आहेत. दहीभात, हळद-कुंकू लावलेले लिंबू, काळी बाहुली या वस्तू त्यांच्या लेखी खेळण्याच्या नाहीत. त्या ताटात आणू नका. दहीभाताच्या मुदीला डोळे लावण्याची कल्पना कोणी सुचवली, तरी ती बाजूला ठेवा. मुंजाचेही नाव नको, कारण तो अकाली गेलेल्या मुलाचा आत्मा मानला जातो आणि वाढदिवसाच्या घरात ते बरे दिसत नाही. गोष्टीतली चेटकीण, वाटसरूला रात्रभर त्याच जागी फिरवणारा चकवा आणि पांढरी चादर पांघरलेले भोळे भूत एवढ्यांवर पार्टी सहज निभावते. हॅलोविन हा 31 ऑक्टोबरच्या रात्रीचा सण. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेला गेल्यावर सलगमाच्या जागी मोठा, कोरायला सोपा भोपळा आला. जिथे जे पिकते त्याचे भूत करायचे, ही रीत सासूबाईंना सांगून पाहा. तुमच्या घरात त्या दिवसांत दिवाळीसाठी भाजणी दळून आलेली असेल आणि सोऱ्याही माळ्यावरून खाली आला असेल, त्यामुळे चकलीचे पीठ भिजवण्याचे काम त्यांच्याकडेच द्या.

आता पदार्थ. मुलांना सर्वांत जास्त गंमत ‘चेटकिणीच्या बोटां’मध्ये येते. दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, ओवा, जिरे, मीठ आणि तीन मोठे चमचे गरम तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवा व अर्धा तास झाकून ठेवा. यात साधारण 35 बोटे होतात. मुलांनी पिठाची वळकटी पोळपाटावर तळहाताने वळावी. ती पेन्सिलीपेक्षा किंचितच जाड हवी, कारण बोट तळताना फुगते आणि जाड वळलेले आतून कच्चे राहते. मग मधोमध आणि टोकाकडे थोडे चिमटून पेर काढावे, त्यावर सुरीच्या पाठीने तीन आडव्या रेघा ओढाव्यात आणि टोकाला पाण्याचा थेंब लावून कच्च्या शेंगदाण्याची अर्धी पाकळी दाबून बसवावी. दाण्याचे लाल साल काढू नका. तळल्यावर ते काळपट होते आणि मळक्या नखासारखे हुबेहूब दिसते. पाकळी वरवर चिकटवली तर ती कढईत सुटते, म्हणून पीठ तिच्या कडांवर थोडे चढेल इतकी आत दाबा आणि बोटे दहा मिनिटे तशीच ठेवून मगच तळा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे लागतात. तळण मोठ्यांनीच करायचे आणि मुले स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवायची, यात मी कधीही सवलत देत नाही.

बोटे बुडवायला ‘रक्त’ हवेच. चार टोमॅटो आणि पाव बीट वाफवून लसणीच्या दोन पाकळ्यांबरोबर वाटा, मीठ व लहानसा गुळाचा खडा घालून आटवा. तिखट चिमूटभरच, कारण लाल रंग बिटाचा येतो आणि आठ वर्षांच्या मुलाला तेवढेच सोसते. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काही मुलांची लघवी गुलाबी होते. ते निरुपद्रवी असते, पण निरोप देताना इतर आयांच्या कानावर घाला, नाहीतर सकाळी सकाळी फोन येतील.

भुतांसाठी मोदकाचीच उकड काढा. मोदक झाल्यावर उरलेल्या उकडीत मिरची-जिरे घालून आपण निवगऱ्या करतो, चव तीच ठेवायची. दोन वाट्या पाण्यात मीठ, जिरे, मिरचीचे वाटण आणि दोन चमचे तेल घालून उकळी आली की दोन वाट्या तांदळाची पिठी घाला, झाकण ठेवून वाफ आणा, तेलापाण्याच्या हाताने चांगली मळा. गरम उकड मोठ्यांनी मळावी आणि हाताला सोसेल अशी झाल्यावर मुलांना लिंबाएवढे गोळे द्यावेत. बाकीची ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी, कारण ती वाळली की चिरा पडतात. गोळा तळाशी रुंद ठेवून वर निमुळता करायचा, खालची कड चिमटीने दुमडून चादरीच्या चुण्या पाडायच्या आणि काळ्या तिळांचे डोळे लावायचे. पहिल्या वर्षी आमच्याकडे मुलांनी उंच उंच भुते केली आणि मोदकपात्राचे झाकण काढले तर सगळी एकमेकांच्या अंगावर आडवी झालेली होती. तेव्हापासून उंची दोन पेरांच्या वर जाऊ देत नाही. वाफ दहा मिनिटे पुरते.

ती दहा मिनिटे मुलांना फार लांब वाटतात. तुम्ही हळदीच्या गावात राहता, तेव्हा एका वाटीत हळदीचे पाणी करून द्या आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायला सांगा. पिवळे पाणी डोळ्यांदेखत तांबूस होते आणि वर लिंबू पिळले की फसफसून पुन्हा पिवळे होते. सोडा अल्कधर्मी आणि लिंबू आम्ल असल्यामुळे हळदीचा रंग असा पालटतो. ढोकळ्यात सोडा नीट न मिसळल्यास लाल ठिपके पडतात ते याचमुळे. हे पाणी पिण्यासाठी नाही, एवढे बजावा.

चकवा म्हणजे अर्थातच चकली. मुलांना तिचे वेढे बोटाने मोजत आतून बाहेर यायला सांगा. तिच्यावर कोळी बसवायचा असेल, तर उकडलेल्या बटाट्यात मीठ व जिरेपूड घालून सुपारीएवढे गोळे करा, ते कारळ्याच्या सुक्या चटणीत घोळवा आणि दोन्ही बाजूंना जाड शेवेचे चार-चार तुकडे खोचा. कोळ्याला आठ पाय असतात आणि मुंगीला सहा, हे मुले या निमित्ताने स्वतः मोजून शिकतात. काळ्या रंगासाठी बाजारातला खाण्याचा रंग आणू नका. कारळे मंद भाजून, लसूण आणि अगदी थोडे तिखट घालून जाडसर वाटले की काजळीसारखा रंग आणि खरी चव, दोन्ही मिळतात.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. शेजारच्या मुलांबरोबर त्यालाही असे पदार्थ करायचे आहेत, पण अंधार आणि भूत म्हटले की तो रडतो. त्याला यात घ्यावे की नको?
— एक आजोबा, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आजोबा, अवश्य घ्या; मात्र दिवे घालवू नका, मुखवटे लावू नका आणि पार्टी दिवसाउजेडी करा. तयार भूत त्याच्यापुढे ठेवण्याऐवजी उकडीचा कोरा गोळा त्याच्या हातात द्या आणि याला डोळे कुठे लावायचे, हे त्यालाच ठरवू द्या. माझी भाची याच वयाची असताना पहिल्या भुताला हात लावायला तयार नव्हती. तिने एक डोळा लावला, मग दुसरा त्याच्या पोटावर लावला, आणि ‘याला दिसत नाही’ असे म्हणून स्वतःच त्याला घरभर फिरवून आणले. तोंड हसरे करायचे की रडके, हेही मुलालाच विचारावे. तो नको म्हणाला तर गोळ्याचा ससा होऊ द्या. त्याच्यावर हसू नये आणि इतर मुलांनाही हसू देऊ नये.

या वयासाठी काही बदल मात्र कटाक्षाने करा. अख्खे किंवा अर्धे शेंगदाणे, अख्खे मनुके, गोल द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून त्याच्या बोटांना दाण्याचे नख न लावता चमच्याच्या टोकाने नखाची रेघ उमटवा. पदार्थ जोडण्यासाठी दात कोरायच्या काड्या कोणत्याही वयाच्या मुलांच्या ताटात नकोत. उकडीत मिरचीऐवजी नुसते जिरे आणि वाढताना वरून साजूक तूप पुरे.

प्रश्न : सांगलीचे भडंग अशा पार्टीत कसे वापरता येईल? मागच्या वेळी ते आधीच वाट्यांत भरून ठेवले आणि सगळे सादळले.
— एक वाचक, मिरज

उत्तर : भडंग घट्ट झाकणाच्या डब्यातच राहू द्या आणि मुले जेवायला बसल्यावरच बाहेर काढा. जाड कागदाचे सुळके करून त्यांवर मुलांकडून आधीच तोंडे रंगवून घ्या, ती वाळू द्या आणि आतून कोरा, छपाई नसलेला कागद लावा. वर्तमानपत्राचा कागद तेलकट पदार्थाला वापरू नये, कारण शाई उतरते. कांदा-कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवी त्याने आपल्या सुळक्यात आयत्या वेळी घालावी. मुलांसाठी विकतचे भडंग तिखट पडते. त्यात तेवढेच साधे कुरकुरीत चुरमुरे मिसळले की ते त्यांच्या जिभेला सोसेल असे होते.