शेतकऱ्यांचे प्रश्न : पाला गुडघ्यावर, बटाटा गोटीएवढा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही आंबेगाव तालुक्यातले. लवकर माल निघाला तर भाव बरा मिळेल म्हणून सप्टेंबरातच लागण केली, पाला गुडघ्याच्या वर गेला, बघणारे म्हणायचे काय पीक आलंय, आणि उपटून बघितलं तर खाली नुसत्या गोट्या. आता बेणंवाला म्हणतो गरमीला टिकणारी जात घ्या. असं काही असतं का खरंच, की नुसती विक्री?

उत्तर : असतं दादा. पण गरमीला टिकणारी म्हणजे उन्हात न करपणारी असं धरू नका, तुमचं झाड कुठं करपलं, ते तर माजलं! घोळ रात्रीच्या तापमानाचा आहे. बटाट्याच्या पानात एसपी६ए नावाचं प्रोटीन बनतं, ते खाली उतरून जमिनीतल्या पांढऱ्या फुटव्यांना इशारा देतं की आता लांबायचं थांबा आणि फुगा. गरमी वाढली की हे प्रोटीनच कमी बनतं, मग इशारा पोचत नाही आणि सगळं अन्न पाल्याकडे जातं, त्यात रात्र गरम असली की दिवसभर बनवलेल्यातलं बरंचसं झाड श्वसनातच जाळून टाकतं. रात्र २० अंशांच्या वर राहायला लागली की नेहमीच्या जाती बटाटा धरायला कुरकुरतात, दुपारी कितीही खतं द्या.

म्हणून पैदासकार गरम रात्रीतही कंद धरणारं झाड शोधतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने २००६ मध्ये 'कुफरी सूर्या' आणली ती अशीच. तिची आई 'कुफरी लवकर', म्हणजे आपल्या पठारी भागाला चालणारी जुनी जात, आणि बाप एलटी-१, हा पेरूतल्या लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राकडून आलेला. सूर्या २० अंशांच्या आसपासच्या रात्रीही कंद धरते आणि तुडतुड्यांनी पानं जळतात तो त्रासही तिला कमी.

मग अशा जाती ढीगभर का नाहीत? बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, त्यामुळे संकरातून निघालेलं प्रत्येक रोप वेगळं, हजारो रोपांतून गरमीत कंद धरणारी निवडायची, मग त्यांचं उत्पन्न, साठवण, रोग, चव सगळं बघायचं, यात दहा-बारा वर्षं सहज जातात. गरमीत नापास होणारी रोपं तरी लवकर कळतात, पण गरमीत पास झालेलं रोप करपा रोगात नापास होतं ना, तिथे खरा जीव जातो. सूर्याचंही तेच, उशिराच्या करप्याला ती बळी पडते, त्यामुळे पावसाळी ढगाळ हवेत खरीपाला लावायची तर फवारणीची तयारी ठेवूनच लावा.

तुमच्यासाठी माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी सगळं रान सूर्याखाली घालू नका, प्रमाणित बेणं मिळालं तर चार सऱ्या लावून बघा, बाकीची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढकला. लवकरच लावायची असेल तर वरंब्यावर पाचट टाका, भर चांगली द्या, माती थंड राहिली की थोडा फरक पडतो. पण २५ अंशांच्या रात्री असतील तर कुठल्याच जातीकडून भरघोस उत्पन्नाची आशा धरू नका, सूर्याकडूनही नाही.

प्रश्न : नागपूरला गच्चीवर बटाट्याच्या फळातलं बी पेरून मीच गरमीची जात काढू शकते का?

उत्तर : मजा म्हणून जरूर करा, पण आधी फळ मिळवा. आपल्याकडे हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत बटाट्याला फुलंच फार कमी येतात, म्हणून तर संकर सिमल्याजवळच्या कुफरी गावासारख्या उंच डोंगरात, मोठ्या दिवसांत करतात. आणि ते फळ टोमॅटोसारखं दिसतं पण विषारी असतं, लहान मुलांपासून लांब ठेवा.