गदा ठेवून पंचांग घेतलेला पांडव

चिमणे,

काल फोनवर आजोबांनी तुला कोडं घातलं, "गदा खाली ठेवून पंचांग हाती घेतलेला पांडव कोण?" पंचांग कोण बघतं, असं मी हळूच विचारलं आणि तू ओरडलीस, "भीमसेन जोशी!" मग झोपताना म्हणालीस, "आई, एवढ्या मोठ्या गवयाच्या नावाची अशी गंमत केली तर त्यांचा अपमान नाही का होत?" तुझे डोळे मिटत आले होते, म्हणून उत्तर लिहून ठेवते.

तू उत्तर दिलंस तेव्हा आजोबांनी काय केलं, पाहिलंस का? आधी कानाची पाळी धरली, मग म्हणाले, "बरोब्बर!" गुरूचं किंवा थोर कलावंताचं नाव ओठांवर आलं की गाण्यातली माणसं कानाला हात लावतात. तुमचं नाव घेतोय, काही चुकलं तर पदरात घ्या, असं ते सांगणं असतं. कोडं घालणारा माणूसच कान धरतो, तिथे अपमान कुठला? ज्याच्यावर जीव असतो त्याचंच नाव आपण असं हातात घेऊन फिरवून फिरवून बघतो.

आजोबांना ही सवय पुण्यात लागली. भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली तिथे संगीत महोत्सव सुरू केला. आजोबा तरुणपणी तिथे रात्र रात्र बसायचे आणि दोन गाण्यांच्या मधे, चहाच्या रांगेत, मित्र एकमेकांना कोडी घालायचे. "सव्वा गंधर्व कोण?" हे तिथलंच. सवाई म्हणजे एकावर पाव जास्त. त्यांचं खरं नाव रामभाऊ कुंदगोळकर.

गंधर्वांत माझं सगळ्यात लाडकं कोडं कुमार गंधर्वांचं आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव शिवपुत्र. आता शंकराचा मुलगा कार्तिकेय, आणि कार्तिकेयाचंच एक नाव कुमार! लहानपणी मिळालेल्या पदवीत त्यांचं मूळ नाव लपून बसलं होतं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी हातातली पोळी तव्यावर विसरले होते.

आणखी एक, जरा अवघड. "इंद्राला जिंकलं आणि पिंडीवर धार धरली, तो कोण?" जित म्हणजे जिंकलेला, त्यापुढे इंद्र, झालं जितेंद्र. आणि पिंडीवर धार धरणं म्हणजे अभिषेक. पंडित जितेंद्र अभिषेकी! त्यांचं घराणं गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात अभिषेक करणारं, त्यावरून हे आडनाव. दीनानाथ मंगेशकरांचं आडनावही त्याच मंगेशीचं. म्हणून मी म्हणते, नाव नुसतं पाठ करू नये, उघडून बघावं. आत कुठे गाव असतं, कुठे देऊळ, कुठे वाडवडिलांचं काम.

तुझ्या वर्गातल्या मैत्रिणींना ही कोडी सांगता येत नाहीत म्हणून तू हिरमुसतेस, ते मला कळतं. भाषा बदलली की कोडं विरघळतं, त्याला इलाज नाही. पण त्यांच्या नावांतही काहीतरी दडलेलं असेलच. त्यांना विचार, तुमच्या आडनावाचा अर्थ काय म्हणून.

आणि हो, लग्नात बायका उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात ना? उखाणा या शब्दाचा जुना अर्थ कोडं असाच आहे.

आता रविवारी आजोबांना घालायला एक कोडं देते. हे मी स्वतः रचलंय, त्यांना ठाऊक नसणार. "गाव बुडालं, मोग उरला. कोण?" मोग म्हणजे कोकणीत प्रेम. गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याच्या पडक्या भिंती आणि देवळाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जाऊन येतात. एरवी ते गाव एका गायिकेच्या आडनावात सुखरूप आहे. किशोरी आमोणकरांची आई ती, मोगूबाई कुर्डीकर.

आजोबांना लगेच उत्तर सांगू नकोस, थोडं तिष्ठत ठेव. आणि सांगशील तेव्हा आधी कानाची पाळी धर.

तुझी,
आई